परदेशात गाडी चुकली, मुक्काम हुकला, तर? विद्यार्थ्यांचा गट पहिल्यांदाच नेणाऱ्यांसाठी

मी पुण्यात जर्मन शिकवते. आतापर्यंत अकरावी ते पदवीच्या मुलामुलींचे चार गट घेऊन जर्मनीला जाऊन आले. चारही वेळा काहीतरी बिघडलंच. कधी गाडी रद्द झाली, कधी बॅग मागे राहिली, एकदा तर रात्री पावणेअकराला हॉस्टेलच्या दारात कळलं की आमच्यासाठी पुरेशा खाटाच नाहीत. पहिल्या सहलीत मी फार घाबरले होते, कारण अशा वेळी नेमकं काय करायचं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे. उदाहरणं जर्मनीची आहेत, पण विमान, रेल्वे आणि बसचे जे नियम सांगते ते युरोपीय संघातल्या सगळ्या देशांना लागू आहेत.

एक गोष्ट आधीच सांगते. गाडी चुकल्याने सहल मोडत नाही. गाडी चुकल्यावर चार मुलं एकीकडे धावतात, दोघं चौकशीच्या खिडकीकडे जातात, एक जण घरी फोन लावून रडतो आणि निर्णय कोणी घ्यायचा हेच ठरलेलं नसतं. सहल मोडते ती तिथे. त्यामुळे या लेखातला बराच भाग निघण्यापूर्वीच्या तयारीचा आहे.

१. निघण्याआधी माणसं ठरवा

चोवीस मुलांचा गट एका दमात हलत नाही. पाच-सहा जणांच्या टोळ्या करा आणि प्रत्येक टोळीला एक प्रमुख द्या. प्रमुख हुशार नसला तरी चालेल, शांत डोक्याचा हवा. प्रत्येक मुलाला एक जोडीदार द्या. हजेरी घेताना मी नावं पुकारत नाही. प्रत्येकाने आपला जोडीदार दिसतोय का ते बघायचं आणि प्रमुखाने मला आकडा सांगायचा. अर्ध्या मिनिटात होतं.

मोठी माणसं किमान दोन हवीत, आणि त्यांच्यातलं काम वाटलेलं हवं. माझ्यासोबत आणखी एक शिक्षक, आमचे सर, असतात. आमच्यात ठरलेलं असतं की अडचण आली की सर मुलांजवळ थांबतात आणि मी खिडकीवर जाते. दोघंही एकदम खिडकीवर गेलो तर मुलांना वाटतं आता काही खरं नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचा नियम: चुकलात तर हलू नका. गाडीत राहून गेलात तर पुढच्या स्थानकावर उतरा आणि फलाटावरच बसा. फलाटावर राहिलात तर तिथेच बसा. शोधायला आम्ही येऊ, तुम्ही आम्हाला शोधू नका. हा नियम मी मुलांकडून तीन-तीनदा म्हणवून घेते.

२. सोबत काय काय हवं

कागद:

- प्रत्येकाच्या पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या दोन झेरॉक्स. एक मुलाकडे, एक तुमच्याकडे. शिवाय फोनमध्ये फोटो.
- प्रत्येकाचे पासपोर्टच्या मापाचे चार जादा फोटो.
- अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आईवडील दोघांच्या सहीचं, नोटरी केलेलं संमतीपत्र. व्हिसासाठी दिलेलं असतंच. त्याची प्रत सोबत ठेवा.
- विम्याची पूर्ण पॉलिसी, नुसतं कार्ड नाही.
- सगळी बुकिंग कागदावर. मुक्कामाची पुष्टी देणाऱ्या मेलमध्ये तारखा, खाटांची संख्या आणि रात्री उशिरा पोहोचणार असल्याचा उल्लेख आहे का ते तपासा.
- प्रत्येकाच्या खिशात एक छोटं कार्ड: मुक्कामाचा पत्ता, आम्हा दोघांचे नंबर देशाच्या कोडसह, आणि ‘मी या गटातला विद्यार्थी आहे, कृपया या नंबरवर फोन करा’ असं जर्मनमध्ये. फोनची बॅटरी संपते, कार्डाची नाही.

वस्तू: प्रत्येक टोळीत एक पॉवर बँक (हातातल्या सामानातच, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही), तिथल्या प्लगचा अडॅप्टर, आणि हातातल्याच बॅगेत एक दिवसाचे कपडे आणि औषधं. खाण्यासाठी दशम्या, थेपले, चिवडा, भाजलेले दाणे. खव्याची मिठाई, पनीर, तूप मात्र घेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आणि खाण्याचा साठा खरंच लागतो, कारण जर्मनीत रविवारी किराणा दुकानं बंद असतात. मोठ्या रेल्वे स्थानकांतली दुकानं तेवढी उघडी असतात, हे लक्षात ठेवा.

पैसे: फॉरेक्स कार्ड (परकीय चलन भरलेलं कार्ड) दोन वेगवेगळ्या माणसांकडे ठेवा. रात्री एका गटाला टॅक्सी करायची किंवा चार खोल्या घ्यायची वेळ आली तर पुरेल इतकी रक्कम वेगळी बाजूला काढा. मी तिला पालकांसमोर ‘खोळंबा निधी’ म्हणते आणि सुरुवातीलाच माणशी थोडी रक्कम घेते. उरली की परत करते.

इथे फसगत होते: व्हिसासाठी लागणारा विमा किमान ३०,००० युरोचा असतो, पण ती अट वैद्यकीय खर्चाची आणि मायदेशी परत आणण्याची आहे. विमान चुकणं, बॅग उशिरा येणं, मुक्काम वाया जाणं हे त्यात येईलच असं नाही. पॉलिसीतली ती पानं निघण्याआधी वाचा. बहुतेक ठिकाणी ‘इतक्या तासांहून जास्त उशीर झाला तर’ अशी अट असते आणि उशिराचा लेखी पुरावा मागतात.

३. व्हिसावरचे दिवस मोजा

शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा) दोन वेगळ्या गोष्टी असतात: कधीपासून कधीपर्यंत, आणि एकूण किती दिवस. तारखांच्या चौकटीत दिवस शिल्लक दिसले तरी राहायचे दिवस मोजलेले असतात. परतीचं विमान रद्द होऊन दोन दिवस अडकलात आणि दिवस संपले, तर घाबरू नका, पण गप्पही बसू नका. विमान रद्द झाल्याचा कागद घेऊन सीमा पोलिसांकडे किंवा परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जा. हाताबाहेरच्या कारणासाठी व्हिसाची मुदत विनाशुल्क वाढवून मिळते. तशी तरतूद शेंगेन देशांच्या व्हिसा नियमावलीतच आहे.

दुसरी अडचण पर्यायी विमानाची. कंपनी म्हणते, ‘लंडनमार्गे जागा आहे, जाता का?’ दमलेल्या माणसाच्या तोंडून लगेच हो जातं. पण भारतीय पासपोर्टवर, हातात फक्त शेंगेन व्हिसा असताना, ब्रिटनमध्ये नुसतं विमान बदलायलाही वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागतो. आणि व्हिसा एकदाच प्रवेश देणारा असेल तर शेंगेनबाहेर पडून परत आत येणारा मार्गही चालत नाही. आधी विचारा, मग हो म्हणा.

४. विमानाला उशीर, विमान रद्द

युरोपात २६१/२००४ या क्रमांकाचा नियम प्रवाशाच्या बाजूने आहे. युरोपीय संघातून उडणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला तो लागू होतो. भारतातून तिकडे जाताना मात्र कंपनी युरोपीय असेल तरच. म्हणजे जाताना आणि येताना एकाच भारतीय किंवा आखाती कंपनीचं तिकीट असलं तरी फ्रँकफर्टहून निघताना तुम्हाला जे हक्क आहेत ते मुंबईहून निघताना नाहीत.

हक्क दोन प्रकारचे आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिला काळजीचा. जेवणखाण, रात्र काढावी लागली तर हॉटेल, आणि विमानतळ ते हॉटेल ने-आण. हे बर्फ पडला, वादळ आलं, काहीही असलं तरी द्यावंच लागतं.

दुसरा भरपाईचा. पोहोचायला तीन तास किंवा जास्त उशीर झाला तर अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो माणशी. ३,५०० किलोमीटरच्या पुढच्या प्रवासाला, म्हणजे आपल्या मुंबईच्या विमानाला, ६००. पण वादळ किंवा हवाई नियंत्रणाची अडचण अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणं असली तर भरपाई नाही.

काउंटरवर जाताना एकाच माणसाने जावं, सगळ्यांचे पीएनआर लिहिलेली यादी घेऊन. तीन गोष्टी मागा: उशिराचं कारण लेखी, जेवणाची कुपनं, आणि अल्पवयीन मुलं आहेत हे सांगून गट एकाच हॉटेलात ठेवण्याची विनंती. ‘तुम्ही खर्च करा, नंतर बिल द्या’ असं म्हणाले तर तेही लेखी घ्या आणि चहाच्या पावतीपासून सगळं जपा. गट तोडून दोन विमानांत बसवायची वेळ आली तर प्रत्येक तुकडीसोबत एक मोठं माणूस हवंच. त्याशिवाय मी विमानतळ सोडत नाही.

बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पडण्यापूर्वी सामानाच्या खिडकीवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. बॅग फुटली असेल तर लेखी दाव्याला ७ दिवस, उशिरा मिळाली असेल तर मिळाल्यापासून २१ दिवस.

पोहोचल्यावर पहिली गाडी विमान उतरल्यावर लगेचची घेऊ नका. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या सीमेवरच्या नव्या नोंदणीत पहिल्यांदा येणाऱ्याच्या चेहऱ्याचा फोटो घेतात आणि व्हिसासाठी दिलेले बोटांचे ठसे पडताळतात. चोवीस जणांना वेळ लागतो. मी किमान तीन तास सोडते.

५. रेल्वे: इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो

आधी नावं तपासा. फ्रँकफर्ट दोन आहेत: एक माइन नदीवरचं मोठं, दुसरं ओडर नदीवर पोलंडच्या हद्दीला लागून. फ्रँकफर्ट-हान हा विमानतळ तर शहरापासून सुमारे १२० किलोमीटर लांब आहे. इटलीला जाणार असाल तर ‘व्हेनिस’ म्हणून मिळालेलं स्वस्त हॉटेल बहुधा मुख्य भूमीवरच्या मेस्त्रे या भागात असतं, कालव्यांच्या अलीकडे.

मग फलकावरचे हे शब्द मुलांना पाठ करून द्या. जर्मन येत नसलं तरी चालेल:

- ‘फेअरश्पेटुंग’: उशीर.
- ‘फेल्ट आउस’: रद्द.
- ‘ग्लाइस’: फलाट. ‘हॉयटे आउफ ग्लाइस’ आणि पुढे आकडा दिसला की आज फलाट बदलला आहे, सामान उचला.
- ‘एर्झात्सफेअरकेअर’: गाडीऐवजी बस.
- ‘उमगेकेर्टे वागनरायुंग’: डबे उलट्या क्रमाने. तुमचा डबा फलाटाच्या दुसऱ्या टोकाला येणार.
- ‘त्सुगटाइलुंग’: गाडी पुढे दोन भागांत तुटणार.

या शेवटच्या शब्दाने मला धडा शिकवला. बर्लिनहून ड्युसेलडॉर्फला निघालो होतो. हाम या स्थानकावर ती गाडी तुटते: एक भाग डॉर्टमुंड, एसेनमार्गे ड्युसेलडॉर्फकडे, दुसरा वुपरटालमार्गे कोलोनकडे. बर्लिनला फलाटावर गर्दी होती, चार मुलं मागच्या दारातून चढली आणि जागा मिळाली तिथे बसली. दोन्ही भागांमधून आतल्या आत चालत जाता येत नाही हे मला माहीत होतं, पण हाम येण्यापूर्वी हजेरी घ्यायला मी उशीर केला. गाडी सुटल्यावर आकडा आला वीस. माझ्या हातातला पाण्याचा कप थरथरत होता. मग फोन आला: “मॅडम, आम्ही गाडीतच आहोत, पुढच्या स्टेशनला उतरू का?” मी नकाशा बघितला आणि सांगितलं, पुढच्याला नको, वुपरटालला उतरा, फलाटावर बाकावर बसा. वुपरटालहून ड्युसेलडॉर्फला लोकलने साधारण अर्धा तास. सर ड्युसेलडॉर्फहून उलटे गेले. मुलं सांगितल्या बाकावर, बॅगा पायात धरून, एकमेकांना चिकटून बसलेली होती. त्यांच्यातल्या एकीने खिशातलं कार्ड काढून हातात घट्ट धरलं होतं.

तेव्हापासून गाडी तुटायच्या आधीच्या स्थानकालाच हजेरी घेते. चढतानाही एका दाराला चोवीस जण लावत नाही. मधल्या स्थानकांवर गाडी दोन-चार मिनिटंच थांबते. प्रत्येक टोळीला फलाटावरचं अक्षर देते. फलाटावर ए, बी, सी असे विभाग लिहिलेले असतात आणि कोणता डबा कुठे येणार ते फलकावर दिसतं.

हक्कांचं थोडक्यात: ६० मिनिटं उशिराने पोहोचलात तर तिकिटाच्या २५ टक्के, १२० मिनिटांनी ५० टक्के परत. जर्मनीत स्वस्त तिकीट एकाच गाडीला बांधलेलं असतं, पण २० मिनिटं किंवा जास्त उशिराने पोहोचणार असं दिसलं की ते बंधन सुटतं आणि पुढची दुसरी गाडी घेता येते. सीटचं आरक्षण मात्र गेलेलं असतं. तेव्हा गट एकाच डब्यात बसण्याचा आग्रह सोडा, टोळ्यांनी बसा.

शेवटची गाडीही गेली तर आपणहून हॉटेल शोधायला बाहेर पडू नका. आधी स्थानकातल्या माहिती केंद्रावर जा. त्याच दिवशी पुढे जाणं शक्य नसेल तर मुक्कामाची किंवा पर्यायी वाहनाची सोय रेल्वेने करायची असते. आणि सुमारे शंभर जर्मन स्थानकांवर ‘बानहोफ्समिसिओन’ नावाची खोली असते. चर्चच्या संस्था ती चालवतात. पहिली १८९४ मध्ये बर्लिनला सुरू झाली. अडलेल्या प्रवाशाला तिथे बसायला जागा, गरम चहा आणि बोलायला माणूस मिळतं. एका मुलीला गाडीत ताप चढला होता तेव्हा तिथल्या आजींनी तिला पांघरूण घालून झोपवलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

इटलीत गेलात तर संपांच्या तारखा आधी जाहीर होतात. निघण्याच्या आठवड्यात बघून ठेवा. ‘शोपेरो’ म्हणजे संप. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ प्रादेशिक गाड्यांची किमान सेवा राखलेली असते.

६. बस: चालकाचं घड्याळ

आपल्याकडे ड्रायव्हरकाका “चला, अजून शंभर किलोमीटर” म्हणून रेटतात. युरोपात तसं होत नाही. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती, दिवसाला ९ तास (आठवड्यातून दोनदा १०) आणि रोज सलग ११ तास आराम, क्वचित ९. बसमधलं यंत्र हे नोंदवतं.

एका किल्ल्यावर आमची मुलं फोटोंच्या नादात पन्नास मिनिटं उशिरा आली. पुढे वाहतूक तुंबली आणि मुक्काम चाळीस किलोमीटरवर असताना चालकाने महामार्गाच्या विसाव्यावर बस लावली. तो अगदी नम्रपणे म्हणाला, माझे तास संपले. दुसरा चालक यायला अडीच तास लागले. चूक आमची होती. आता मी सकाळी चालकालाच विचारते, “आज तुम्हाला किती वाजता थांबायचंय?” आणि ती वेळ मुलांना सांगते.

७. मुक्कामाचा घोटाळा

प्रवासाच्या आदल्या दिवशी मुक्कामाला फोन करा. मेल नको, फोन. विचारा: किती खाटा, किती खोल्या, मुलींची खोली कोणत्या मजल्यावर, रिसेप्शन किती वाजता बंद होतं, त्यानंतर आलो तर किल्ली कशी मिळेल. पुष्कळ हॉस्टेलांत रात्री कोणी नसतं, दाराचा कोड पाठवतात. समोरच्याचं नाव लिहून ठेवा.

खाटा कमी पडल्या त्या रात्री आमच्याकडे चोवीसचा मेल होता, त्यांच्याकडे सोळाची नोंद. मी हे या क्रमाने केलं आणि पुन्हा वेळ आली तर तसंच करीन:

मुलांना आत घेतलं. दारात, थंडीत उभं राहून वाद घालायचा नाही. सरांनी त्यांना बैठकीच्या खोलीत बसवून दशम्या वाटल्या. मग मेलची छापील प्रत पुढे ठेवली आणि ‘चूक कोणाची’ याऐवजी ‘आज रात्री आठ मुलं कुठे झोपतील’ हा एकच प्रश्न विचारत राहिले. मुलींना आणि बरं नसलेल्यांना आधी खोल्या. उरलेली आठही मुलगेच होती. त्यांच्यासाठी बैठकीच्या खोलीत गाद्या मागितल्या, सर त्यांच्यासोबत झोपले. रात्रीच्या कर्मचाऱ्याकडून ‘आठ खाटा कमी होत्या’ असं एका ओळीत लिहून, वेळ टाकून, सही घेतली. पुढे पैसे परत मिळाले ते त्या ओळीमुळे.

गाद्या घालून झाल्या तरी मुलांना झोप येईना. तेव्हा मी त्यांना रिशार्ड शिरमान या शिक्षकाची गोष्ट सांगितली. १९०९ च्या ऑगस्टमध्ये ते विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वाटेत मोठं वादळ आलं आणि ब्र्योल नदीच्या खोऱ्यातल्या एका शाळेत गवतावर रात्र काढावी लागली. मुलं झोपली, शिरमान जागे राहिले आणि त्यांच्या मनात आलं की सुट्टीत रिकाम्या असणाऱ्या शाळा अशा फिरणाऱ्या मुलांना उघडून द्याव्यात. त्यातून पुढे १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात जगातलं पहिलं युवा हॉस्टेल सुरू झालं. म्हणजे हॉस्टेल ही कल्पनाच मुक्काम हुकलेल्या एका सहलीतून जन्मली. एका मुलाने विचारलं, “मग त्यांच्याकडे गाद्या पण नव्हत्या?” आणि पांघरूण डोक्यावरून ओढून झोपला.

रात्री दहानंतर जर्मनीत शांततेची वेळ असते. गोंधळाच्या रात्रीही ती पाळा. शेजारचा पाहुणा तक्रार करत आला की कर्मचाऱ्याची सहानुभूती जाते.

८. पासपोर्ट हरवला तर

आधी पोलिसांकडे तक्रार आणि तिची प्रत. मग भारतीय दूतावास बर्लिनला, वाणिज्य दूतावास फ्रँकफर्ट, म्युनिक आणि हॅम्बुर्गला. परत येण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. झेरॉक्स आणि फोटो सोबत असले तर काम लवकर होतं. ते एकेरी, भारतापर्यंतचंच असतं, त्यामुळे त्या मुलाची पुढची सहल तिथेच संपते. एक मोठं माणूस त्याच्यासोबत थांबणार हे आधीच ठरलेलं असू द्या. जिवावरची अडचण असेल तर सगळीकडे ११२.

९. घरच्यांना कसं कळवायचं

अफवा मुलांच्या फोनवरून निघते आणि दहा मिनिटांत पालकांच्या ग्रुपवर पोहोचते. म्हणून अडचण आली की मी पहिल्या पंधरा मिनिटांत एक संदेश टाकते: काय झालं, सगळी मुलं सुखरूप आहेत, पुढचा संदेश किती वाजता. आणि ती वेळ पाळते, नवं काही नसलं तरी. वेळ भारतीय घड्याळाने लिहा. उन्हाळ्यात जर्मनी साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात. तुमची सहल त्यात सापडत असेल तर त्या दिवशीची गाडी दोनदा तपासा.

१०. परत आल्यावर

दमून झोपायच्या आधी सगळ्या पावत्या तारखेप्रमाणे लावा. रेल्वेच्या भरपाईला तीन महिने मिळतात. विमानाच्या दाव्याला जर्मनीत ज्या वर्षी उशीर झाला ते वर्ष संपल्यापासून तीन वर्षं. भरपाई प्रत्येक प्रवाशाच्या नावाची असते, त्यामुळे मुलांच्या आणि पालकांच्या सह्या लागतात. त्या कॉलेज सुरू व्हायच्या आत गोळा करा, नंतर माणसं सापडत नाहीत.

फॉर्ममध्ये खात्याचा आयबॅन (युरोपात वापरतात तो आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) मागतात. भारतीय खात्यांना आयबॅन नसतो, त्यामुळे ऑनलाइन फॉर्म पुढेच सरकत नाही आणि पुष्कळ जण तिथे नाद सोडतात. सोडू नका. कागदी फॉर्म किंवा मेल पाठवून खाते क्रमांक आणि बँकेचा स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे पाठवताना लागणारा बँकेचा ओळख क्रमांक) द्या, सोबत उशिराचा लेखी दाखला जोडा, आणि उत्तर आलं नाही तर महिन्याने पुन्हा लिहा.